आधी लेखी घ्या, मग विमानाचे तिकीट काढा

मराठी साहित्य संमेलनाच्या परिसंवादाला बोलावलेला वक्ता जाण्यायेण्याचा खर्च मिळेल, थोडेफार मानधनही मिळेल, अशा अपेक्षेने घराबाहेर पडतो. वर्ल्डकॉनचे, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे, तसे नाही. तिथे व्यासपीठावर बसणाऱ्या लेखकालाही आधी सदस्यत्व विकत घ्यावे लागते. प्रौढांचे सदस्यत्व दोनशे डॉलरच्या घरात जाते. विमान आणि हॉटेल वेगळे. सन्माननीय पाहुण्यांना तेवढी सूट असते. संमेलनाच्या हिशेबात शिल्लक उरली, तर कार्यक्रमात भाग घेतलेल्यांना पैसे मागाहून परत देण्याची प्रथा आहे. 1939 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेले हे संमेलन दुसऱ्या महायुद्धातली चार वर्षे सोडली तर आजवर दरवर्षी होत आले आहे, आणि ते चालवणारे स्वयंसेवकही पदरमोड करूनच राबतात. त्यामुळे पैशांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखकाला गृहीत धरण्याबद्दल.

प्रस्तुत लेखिकेने हे अमेरिकेतल्या एका प्रादेशिक संमेलनात सोसले आहे. तिची नोकरी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांतली आणि कादंबऱ्या अंतराळस्थानकांवरच्या. संमेलनाच्या फॉर्ममध्ये ‘कोणत्या विषयावर बोलाल?’ या रकान्यात तिने पाण्याचा पुनर्वापर, बंदिस्त जागेतली शेती, यंत्रांची देखभाल असे स्वच्छ लिहिले होते. वेळापत्रक हाती आले तेव्हा तिचे नाव पौराणिक कथांवरच्या परिसंवादात होते. अंतराळातल्या जीवनव्यवस्थेवरचा परिसंवाद शेजारच्याच दालनात होता, आणि तोही नेमका त्याच तासाला.

तरीही ती गेली. सूत्रसंचालकांनी सुरुवातीलाच हसत सांगितले, “तुमचं नाव काही माझ्या जिभेवर बसणार नाही, तुम्हीच सांगा.” श्रोतेही हसले. मग त्यांनी मोबाइल पाहून तिचा परिचय वाचला: भारतीय पुराणांवर मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या लेखिका. तिने मुलांसाठी एक ओळही लिहिलेली नाही. तिने पाठवलेला परिचय, नावाच्या उच्चारासह, फॉर्मच्या पहिल्याच पानावर होता. त्या क्षणी तिला कळले की तो फॉर्म कोणी उघडलेलाच नाही. आडनाव पाहिले आणि खुर्ची ठरवली, एवढेच झाले होते.

पुढचा प्रश्न आला, “तुमच्या संस्कृतीत भविष्याची कल्पना असते का?” तिने उत्तरात आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचे उदाहरण घेतले. तिथे मूत्र, घाम आणि उच्छ्वासातली वाफ यांतून 98 टक्के पाणी परत मिळवण्याचे लक्ष्य गाठल्याचे नासाने 2023 मध्ये जाहीर केले. हे सांगून होते न होते तोच “आपण विषयाकडे वळू या” म्हणत त्यांनी माइक दुसरीकडे दिला. नंतर तिने आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तरात दिलगिरीचा एक शब्द नव्हता. पुढच्या वर्षी फॉर्म वेळेवर भरावा, एवढी सूचना मात्र होती. फॉर्म वेळेवरच भरला होता. पोच तिच्याकडे आजही आहे.

हे एकट्या-दुकट्याचे रडगाणे नाही. 2018 च्या सॅन होजे इथल्या वर्ल्डकॉनमध्ये बोगी टाकाच या, वर्ल्डकॉनमध्येच दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्या, लेखकाच्या परिचयात स्वतःसाठी वापरलेली सर्वनामे परस्पर बदलली गेली आणि नामांकन मिळालेल्या कितीतरी नव्या लेखकांना कार्यक्रमात जागाच मिळाली नाही. ओरड झाल्यावर आयोजकांनी माफी मागितली. लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल मदतीला आल्या आणि कार्यक्रमाची बरीचशी मांडणी नव्याने झाली. बदल झाला तो लेखक एकत्र बोलले म्हणून.

2020 मध्ये न्यूझीलंडचे वर्ल्डकॉन करोनामुळे ऑनलाइन झाले. ह्यूगो पुरस्कारांचा सोहळा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी चालवला, तो तीन तासांहून जास्त लांबला आणि त्यात नामांकित लेखकांची नावे पुन्हा पुन्हा चुकीची उच्चारली गेली. उच्चार लिहून आमच्याकडे आलेले होते, हे आयोजकांनी माफीनाम्यातच मान्य केले. ज्या रात्रीसाठी लेखक वर्षानुवर्षे झिजतो, त्या रात्री त्याचे नाव धड घेतले जात नाही. दुसऱ्या देशाची, दुसऱ्या भाषेची नावे अवघड असतात, ही सबब तिथे चालण्यासारखी नव्हती.

सर्वांत जिव्हारी लागावे असे घडले ते चीनमधल्या चेंगडूला. ऑक्टोबर 2023 मधल्या त्या वर्ल्डकॉनमधल्या ह्यूगो नामांकनांची आकडेवारी जानेवारी 2024 मध्ये बाहेर आली, तेव्हा कळले की आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ ही कादंबरी, पुरेशी मते असूनही, ‘अपात्र’ ठरवली होती. नेब्युला हा विज्ञानकथेचा मानाचा पुरस्कार मिळालेली कादंबरी. कारण एका शब्दाने दिले नाही. लेखक शिरान जे झाओ आणि समीक्षक पॉल वाइमर यांचेही तेच झाले. पुढच्या महिन्यात फुटलेल्या ई-मेलमधून दिसले की ह्यूगोचे पाश्चात्त्य प्रशासकच चीनला काय खटकेल याची टिपणे लेखकांच्या नावांनिशी काढत होते. वाइमर तिबेटला जाऊन आल्याची नोंद त्यात होती. प्रत्यक्षात ते नेपाळला गेले होते! आणि 2025 च्या सिएटल वर्ल्डकॉनमध्ये इच्छुक वक्त्यांची नावे चाळण्यासाठी चॅटजीपीटी वापरल्याचे उघड झाले. त्यावरून लेखक यून हा ली यांनी आपल्या ‘मूनस्टॉर्म’ या पुस्तकाचे नामांकन मागे घेतले.

पुण्या-मुंबईहून इंग्रजीत विज्ञानकथा लिहिणारी मुलेमुली हल्ली विचारतात, “ताई, जाऊ का?” जरूर जा. पण सदस्यत्वाचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी ई-मेलवर लेखी घ्या: कोणत्या परिसंवादात बसवणार, सूत्रसंचालक कोण, आणि परिचय छापण्याआधी दाखवणार की नाही. ‘बघू’ असे उत्तर आले, तर ते नकार समजून चाला. फॉर्मची प्रत जपून ठेवा. सूत्रसंचालकाचे नाव कळताच त्याला स्वतःच चार ओळी लिहा आणि नावाचा उच्चार ध्वनिमुद्रित करून पाठवा. परिचय चुकीचा वाचला, तर तिथल्या तिथे, माइकवर, दुरुस्त करा. नंतरच्या पत्राला कोणी विचारत नाही. छळवणुकीविरुद्धचे धोरण वाचा. ते नसेल तिथे आपण पाहुणे म्हणून जाणार नाही, असे लेखक जॉन स्कॅल्झी यांनी 2013 मध्ये जाहीर केले आणि शेकडो लोकांनी त्यांच्या मागोमाग तशी ग्वाही दिली. व्हिसासाठी निमंत्रणपत्र लवकर मागवा. पाणी पीत राहा, झोप मोडू नका.

आणि काफेक्लाच मिळत असेल, तर ते मागून घ्या. एका टेबलाभोवती लेखक आणि मोजके वाचक, तासभर गप्पा. वाचक आपणहून नाव नोंदवून येतात आणि मध्ये सूत्रसंचालक नसतो. प्रस्तुत लेखिकेला पाण्याबद्दलचे प्रश्न शेवटी तिथेच विचारले गेले, आणि ते विचारणाऱ्यांनी तिची पुस्तके वाचलेली होती. जागा थोड्या असतात आणि भराभर संपतात, म्हणून आपली वेळ कळताच ती आपल्या वाचकांना कळवावी.