उताऱ्यातला निकाल कसा वाचायचा?

प्रश्न : मी कळंब तालुक्यातली, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएलएमसाठी क्लॅट पीजी द्यायची आहे. जुने पेपर पाहिले तर निकालपत्रांतले लांबलचक उतारे आणि त्यांवर प्रश्न. आम्ही आजवर गाईड वाचून पास झालो, अख्खं जजमेंट एकही वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमच्याच वकिलीशी नातं असलेल्या एका निकालापासून करा. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’, सर्वोच्च न्यायालय, १९८२. उद्या धाराशिवच्या जिल्हा न्यायालयातलं अपील घेऊन तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, खंडपीठात जाल. त्या खंडपीठाचं भवितव्य या खटल्यात पणाला लागलं होतं.

आपला धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता तोवर वरचं न्यायालय हैदराबादला होतं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उच्च न्यायालय मुंबईचं झालं, चारशे किलोमीटरच्याही पलीकडचं. पक्षकाराने तिथवर जायचं म्हणजे प्रवास, मुक्काम आणि वकिलाची फी, तीही तारखेगणिक. औरंगाबादला खंडपीठ हवं ही मागणी त्यातूनच आली. राज्य सरकारने शिफारस केली, पण केंद्राची मंजुरी काही येईना. अखेर १९८१मध्ये मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपालांच्या संमतीने आदेश काढला : २७ ऑगस्टपासून काही न्यायाधीश औरंगाबादला बसतील. आदेशाला आव्हान मिळालं, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला.

गाईड इथे थांबतं. परीक्षेतले प्रश्न मात्र यापुढचे असतात.

न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता? ‘मराठवाड्याला खंडपीठ हवं का?’ असं लिहिलंत तर चुकलात. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६चं कलम ५१ उघडा. पोटकलम १ उच्च न्यायालयाच्या मुख्य ठिकाणाबद्दल आहे. पोटकलम २ प्रमाणे कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या आदेशाने होतं. पोटकलम ३ प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने न्यायाधीशांना इतर ठिकाणीही बसवू शकतात. वाद तिसऱ्याचा होता. हा अधिकार १९५६ला जन्मलेल्या राज्यांपुरता होता, महाराष्ट्र तर १ मे १९६०ला झाला, मग अधिकार उरला का? उच्च न्यायालय म्हणालं, नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अधिकार तात्पुरता नव्हता, तो चालूच आहे. आणि पोटकलम ३ वापरायला आधी पोटकलम २ प्रमाणे कायम खंडपीठ झालेलं असण्याची गरज नाही.

आता स्वतःला विचारा : या निकालाने औरंगाबादला कायम खंडपीठ दिलं का? नाही. ते राष्ट्रपतींच्या आदेशाने १९८४मध्ये झालं. परीक्षेतले चार पर्याय नेमके असेच बेतलेले असतात. दोन सरळ चुकीचे, एक खरा पण उताऱ्यात न ठरलेला, आणि एक बरोबर. तिसऱ्यात विद्यार्थी अडकतात, कारण ते माहितीवरून उत्तर देतात. विचारलेलं असतं ते न्यायालयाने ठरवलं काय. चुकलं की पाव गुण जातो, आणि १२० प्रश्नांना १२० मिनिटंच असतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक ठेच लागते. निकालपत्रातला बराच मजकूर न्यायालयाचं मत नसतो, वकिलांचा युक्तिवाद असतो. ‘कन्टेंडेड’, ‘सबमिटेड’, ‘अर्ग्यूड’ हे शब्द दिसले की बाजूला पेन्सिलीने ‘वकील’ लिहा. ‘वी होल्ड’, ‘इन अवर ओपिनियन’ आलं की ‘कोर्ट’ लिहा. ही सवय लागली की मोठ्या उताऱ्याची धास्ती निम्मी कमी होते, आणि रेशो (निकालाचा बंधनकारक आधार) कुठे संपतो, ओबिटर (ओघात मांडलेलं मत) कुठे सुरू होतो हेही दिसू लागतं.

हरलेल्या बाजूचं म्हणणं मी मुद्दाम दोनदा वाचायला सांगते. पुराणिक खटल्यात उच्च न्यायालयाचा तर्क पोकळ नव्हता. ‘नवं राज्य’ या शब्दांचा काटेकोर अर्थ घेतला तर तो टिकण्यासारखाच वाटतो. तो कुठे आणि का मोडला, हे चार वाक्यांत लिहिता येईल तेव्हाच निकाल वाचला म्हणा. याच पोटकलम ३ खाली ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच बसलं, म्हणून हा निकाल आजही जिवंत आहे.

दुसरा सराव तुमच्या जिल्ह्याच्या नावावर करा. उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर केल्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ला फेटाळल्या. या विषयावर आपल्याकडे प्रत्येकाचं मत ठाम आहे, म्हणूनच तो सरावाला चांगला. आधी याचिकाकर्त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा त्यांच्या बाजूने लिहा, मगच न्यायालयाचं उत्तर. नाव चांगलं की वाईट हे न्यायालयाने ठरवलं नाही. सरकारच्या निर्णयात बेकायदेशीर काही आहे का, एवढंच तपासलं. वाचताना आपलं मत आड आलं की हा फरक निसटतो.

निकालपत्रांसाठी पैसे मोजू नका. सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर मोफत आहे, काही निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. अडेल तिथे मराठी शेजारी ठेवा, पण शेवटचं वाचन इंग्रजीतूनच करा. पेपर इंग्रजीत आहे.

अर्जाचं म्हणाल तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षा देता येते. एलएलबीला खुल्या व ओबीसी प्रवर्गासाठी ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४५ टक्के गुण लागतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही राज्यातली तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं या परीक्षेतून प्रवेश देतात. इतर विद्यापीठांच्या महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची एलएलएम सीईटी वेगळी आहे. तिचा अर्जही भरून ठेवा.