कोडे कोणी केले?

मुलांनो, घरी येणारे वर्तमानपत्र एकदा शेवटच्या पानापर्यंत चाळून पाहा. आपल्या मॉरिशसमध्ये बातम्या बहुधा फ्रेंचमध्ये असतात. पण एखाद्या कोपऱ्यात चौकटींचा मोठा चौकोन दिसला, तर थांबा. काही चौकटींत अंक आहेत, बाकीच्या रिकाम्या आहेत. हे सुडोकू!

मोठ्या सुडोकूत ८१ चौकटी असतात. आपण १६ चौकटींचे लहान कोडे घेऊ.

१ □ □ ४
□ ४ □ २
२ □ ४ □
□ ३ □ १

प्रत्येक आडव्या ओळीत १, २, ३, ४ हे अंक एकेकदाच यायला हवेत. प्रत्येक उभ्या ओळीतही तसेच. चार कोपऱ्यांत चार-चार चौकटींचे लहान चौकोन आहेत, त्यांनाही हाच नियम.

आता पहिल्या आडव्या ओळीतली दुसरी चौकट पाहा. त्या ओळीत १ आणि ४ आहेत. म्हणजे येथे २ येईल किंवा ३. कोणता? अंदाजाने लिहू नका हं! त्याच चौकटीखालची उभी ओळ पाहा. तिच्यात ३ आधीच बसला आहे. मग येथे ३ चालणार नाही. उरला २. लिहा २!

पाहिलेत ना? आपण बेरीज केली नाही, गुणाकार केला नाही. जे बसत नाही ते काढून टाकले आणि जे उरले ते उत्तर ठरले.

शब्दकोडे सोडवायला भाषा यावी लागते. मराठी शब्दकोडे जपानी मुलाला कसे सुटेल? सुडोकूला ही अडचण नाही, म्हणून ते देशोदेशी फिरले. १९७९ साली ते अमेरिकेतील कोड्यांच्या एका मासिकात छापले गेले. १९८४ साली ते जपानमध्ये पोहोचले. तेथे त्याला लांबलचक नाव मिळाले. त्याचा अर्थ असा, की अंक एकटेच राहिले पाहिजेत, म्हणजे अविवाहित! पुढे माकी काजी यांनी हे नाव लहान करून ‘सुडोकू’ केले.

१९९७ साली वेन गूल्ड नावाचे गृहस्थ टोकियोतील एका पुस्तकांच्या दुकानात शिरले. ते मूळचे न्यूझीलंडचे, हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. त्यांना जपानी वाचता येत नव्हते, पण या कोड्यांचे पुस्तक त्यांनी घेतले. मग सुमारे सहा वर्षे खपून त्यांनी अशी कोडी तयार करणारा संगणकाचा कार्यक्रम लिहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने त्यांची कोडी छापायला सुरुवात केली. २००५ मध्ये तर आगगाडीत, बसमध्ये, चहाच्या टेबलावर लोक पेन्सिल घेऊन बसलेले दिसू लागले. २००६ साली इटलीतील लुक्का गावी सुडोकूची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

पण हे कोडे मुळात केले कोणी? अमेरिकेतल्या त्या मासिकात कोड्याखाली नावच नव्हते.

मग विल शॉर्ट्‌झ या कोडी जमवणाऱ्या माणसाने जुने अंक काढले. प्रत्येक अंकात, कोडी पाठवणाऱ्यांची यादी असे. ज्या अंकात हे कोडे होते, त्या प्रत्येक अंकाच्या यादीत एक नाव होते. ज्या अंकात कोडे नव्हते, तेथे ते नावही नव्हते. बाकीची नावे गळत गेली आणि उरले हॉवर्ड गार्न्स. ते इंडियानापोलिस शहरातले वृद्ध वास्तुशिल्पी, म्हणजे इमारतींचे आराखडे काढणारे. कोडे छापून आले तेव्हा ते ७४ वर्षांचे होते.

गार्न्स १९८९ साली वारले. त्यांचे कोडे जगभर गेले, ते त्यांनी पाहिले नाही.

स्वाध्याय

१. वरच्या कोड्यातील उरलेल्या सात चौकटी भरा. प्रत्येक अंक तेथेच का, ते शेजारच्या मित्राला सांगा.

२. शॉर्ट्‌झ यांनी गार्न्स यांचे नाव कसे शोधले, ते तुमच्या शब्दांत लिहा.