न वापरलेला म्हणजे नवा नव्हे!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र पोटाचा आहे.

यंदा आम्ही चौघांनी हॉस्टेल सोडून वर्ध्यात रूम घेतली. गॅस आला, तवा आला, कुकर राहिला. मागच्या गल्लीतल्या काकूंकडे पाच लिटरचा एक कुकर होता. १९९८ साली त्यांच्या रुखवतात मांडलेला, तेव्हापासून टिनाच्या खोलीत पडून. "एकदाही गॅसवर चढला नाही बाबू, कोरा आहे," काकू म्हणाल्या. चारशे रुपयांत सौदा झाला, वर गोरसपाकही मिळाला. कुकरवर आयएसआय मार्क होता. आम्ही खूश! रात्री खिचडी ठरली.

तांदूळ धुता धुता मी सहज झाकण उजेडाकडे धरलं. शिटी जिथे बसते त्या नळीतून आरपार दिसायला हवं ना? काहीच दिसेना. सुई घातली तर वाळलेली माती पडली. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं!

आता थोडं थर्मो. घरचा कुकर साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतक्या जादा दाबावर चालतो. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण झाकणाचा हिशोब करा. व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे झाकणावर आतून ३१४ किलोचा जोर. साठ-साठ किलोची पाच पोरं! नळी बंद असेल तर हा जोर वाढतच जातो. मग सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. बहुतेक कुकरमध्ये त्यातला मिश्रधातू तापून वितळतो आणि वाफेला वाट देतो. १६७९ मध्ये देनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुकरचा पूर्वज बनवला, त्यालाही सेफ्टी व्हॉल्व्ह जोडावाच लागला.

दुसरी गोष्ट रिंग, म्हणजे गॅस्केट. रबर वापराने झिजतं हे खरं, पण न वापरताही ते म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात, भेगा पाडतात. उष्णतेत हे काम आणखी भरभर होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. आमची रिंग वाकवली तर कडेला बारीक भेगाच भेगा.

म्हणून जुना-कोरा कुकर घेताना एवढं कराच:

१. नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.
२. रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवेच टाका, त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे. ते मिळत नसतील तर कुकर घेऊ नका.
३. तळ फुगलेला, कडा चेपलेली, हँडल सैल असेल तर सोडून द्या.
४. आयएसआय मार्क बघा. नव्या कुकरला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, जुन्यावर असेलच असं नाही.
५. पहिल्यांदा नुसतं पाणी उकळा आणि लांब उभे राहा. वाफ फक्त शिटीतून यायला हवी.

आम्ही दुसऱ्या दिवशी रिंग, व्हॉल्व्ह बदलले. खर्च काकूंना सांगायचा नव्हता, पण मातीचं सांगितलं. त्या पैसे परत द्यायला निघाल्या. मी घेतले नाहीत. मग थोडा वेळ त्या गप्पच बसल्या.

"अजून एक आहे रे," त्या म्हणाल्या, "असाच. पोरीच्या रुखवतासाठी ठेवला."

तो खोका आम्ही तिथेच उघडला. नळी मोकळी होती, रिंग मात्र बोटाने दाबताच तुटली. पोरीचं लग्न येत्या उन्हाळ्यात आहे. नवी रिंग आणि व्हॉल्व्ह आणून बसवायचं काम आमच्या रूमकडे आलंय. इंजिनिअरिंगचा तेवढा तरी उपयोग!