शिक्का बसेल ही भीती सोडा

प्रश्न : बदलीमुळे आम्ही पुण्याहून सॉल्ट लेकला आलो. तिसरीतला मुलगा वाचताना अडखळतो. शाळेने बाईंसोबत मानसशास्त्रज्ञांनाही भेटायला बोलावलंय. सासूबाई म्हणतात, पोरावर शिक्का बसेल. घरी मराठी बंद करावं का?
– एक आई, कोलकाता

उत्तर : ताई, मराठी मुळीच बंद करू नका. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानात बंगाली, यामुळे अध्ययन अक्षमता येत नाही. मात्र नव्या भाषेतली अडखळ आणि खरी अडचण यांत गल्लत होऊ शकते. मुलगा मराठी कसं वाचतो, हे शाळेला ठाऊक नसतं; ते तुम्हीच सांगायचं. पुण्याच्या वह्या सोबत न्या. ‘कच्चा आहे का?’ याऐवजी ‘नेमका कुठे अडतो?’ असं बाईंना विचारा.

एका भेटीत निदान होत नसतं. चाचणी सुचवली तर कशासाठी ते समजून घ्या, मगच लेखी संमती द्या. अहवाल कोण पाहणार, हेही तिथेच ठरवा. समजा अक्षमता निघालीच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. सासूबाईंना हे जरूर सांगा.

आणि भेटीआधी मुलाचे डोळे, कान तपासून घ्या.