पुरे म्हणजे नेमकं किती?

चिरंजीव,


हिंजवडीतली नोकरी सोडून देवरुखजवळच्या आजोबांच्या जमिनीत आंबा-काजू लावायचं म्हणतोस, असं तुझ्या आईकडून कळलं. मावशीने चार गोष्टी सुनावाव्यात म्हणून तिने फोन केला होता. पण मावशीची ३२ वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली. सुनावण्यापेक्षा तिला मोजणं बरं जमतं.

भरल्या ताटावरून उठलेली माणसं आपल्याकडे पूर्वीही होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. टिळक होतेच, पुढे आगरकर येऊन मिळाले. आगरकरांनी आईला आधीच पत्र लिहून टाकलं होतं, की मुलगा शिकला म्हणजे मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळालं की मी समाधान मानणार आहे. हे लिहिणारा विद्यार्थी एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालायचा. म्हणजे त्याने सोडलं ते हातातलं नव्हे, पुढे येणारं सोडलं.

त्या मंडळींचं मोठेपण सगळे सांगतात. मावशीला त्यांचा हिशेब जास्त आवडतो. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. त्यांच्या आजीव सदस्यांचा पगार महिना ७५ रुपये ठरला. त्याच पदव्यांवर सरकारी नोकरीत किंवा वकिलीत कितीतरी जास्त मिळालं असतं. पण पगाराबरोबर आयुर्विम्याचीही सोय होती, हे लक्षात ठेव. देशासाठी घरदार विसरायला निघालेली माणसंही विमा विसरली नव्हती!

आणि तरीही पैशावरून वाजलंच. आजीव सदस्याने बाहेरची कामं करून कमवावं का? टिळकांचं म्हणणं असं, की तो पूर्ण वेळ संस्थेचा आहे, त्याने बाहेरचं काहीच घेऊ नये. इतरांना प्रपंच दिसत होता. त्यात आजीव सदस्य असलेल्या गोखल्यांनी बाहेरच्या सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. शब्दाने शब्द वाढत गेला आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. पुढे त्यांनाही घर आणि वर्तमानपत्रं चालवायला कायद्याचे वर्ग घ्यावे लागले आणि लातूरला जिनिंगच्या कारखान्यात भागी घ्यावी लागली. पुरे म्हणजे किती, हे कागदावर ठरलेलं होतं, पण ते मनातून सगळ्यांना सारखं मान्य नव्हतं. एवढ्या बुद्धिमान माणसांची ही गत, तर तुम्हा नवरा-बायकोचं काय!

आगरकर १८९५ साली गेले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. मागे यशोदाबाई आणि मुलं. आपण या गोष्टीतली पुडी सांगतो, यशोदाबाई सांगत नाही.

आपल्या काळात मेळघाटातल्या बैरागडच्या डॉ. रवींद्र कोल्ह्यांनी मात्र आकडा आधी सांगितला. लग्नाच्या वेळी त्यांच्या चार अटी होत्या: पाच रुपयांत नोंदणी विवाह, चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, महिन्याला ४०० रुपयांत संसार, आणि वेळ आली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी. चारशेच, कारण पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुढच्या खेपेला एक रुपया फी घेतल्यावर तेवढेच हाती यायचे. नागपुरात प्रॅक्टिस चांगली चाललेल्या डॉ. स्मिता हे ऐकून, समजून त्या संसारात गेल्या. २०१९ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली. नोकरी सोडणाऱ्यांची भाषणं ऐकतोस, तेव्हा त्यांत असा चारशेचा आकडा कोणी सांगतं का, ते बघ.

आता तुझा आकडा. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ साली मांडलेला चार टक्क्यांचा नियम तू वाचलाच असशील: पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवत जायचे. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. घरखर्च महिना एक लाख असेल, तर तीन कोटी. पण त्याचा हिशेब तीस वर्षांचा, आणि तोही अमेरिकेतल्या बाजाराचा. तू अडतीस वर्षांचा, आणि तुझी आजी एक्क्याण्णव वर्षं जगली. सहा टक्के महागाई धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो.

हापूसचं कलम आज लावलंस तर बागेचं खरं उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं जातात. तोवर खत, फवारणी आणि गडीमाणसांची मजुरी तुझ्याच खिशातून जायची. फेब्रुवारीत एक अवकाळी सर आली की मोहोर गळतो, आणि उरलेल्याची काळजी माकडं घेतात. सातबाऱ्यावर तुझ्या आईचं नाव आहे हे नशीब, नाहीतर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकतसुद्धा सहजी मिळत नाही. पण त्याच उताऱ्यावर आणखी किती नावं आहेत ते पाहिलंस का?

कंपनीचा आरोग्यविमा राजीनाम्याबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढ. तुझ्या आईला मधुमेह आहे, आणि जुन्या आजारांना पॉलिसीत काही वर्षं थांबावं लागतं.

मावशी तुला जाऊ नको म्हणत नाही. रविवारी ये. गेल्या बारा महिन्यांची बँकेची स्टेटमेंटं आण, सातबाऱ्याचा ताजा उतारा आण, आणि सूनबाईला घेऊन ये. घरखर्चाचा आकडा आधी ती तिच्या कागदावर लिहील, तू तुझ्या कागदावर लिहायचास. कागद मावशी उघडेल. फणसाची भाजी करून ठेवते.

तुझी,
मावशी