ई-मेल परत का येतो? परत आलेला मेल कसा वाचावा



समजा, सोयगाव तालुक्यातील बनोटी परिसरात एका शेतकऱ्याने मृगाच्या पावसावर मक्याची टोकण केली. आठ-दहा दिवस झाले तरी निम्मेसुद्धा बी उगवले नाही. बियाण्याचे बिल, पिशवी आणि लेबल त्याने जपून ठेवले होते, ही चांगली गोष्ट. त्याने शेताचे फोटो काढले, घरातील एका जुन्या पुस्तिकेत छापलेला कार्यालयाचा पत्ता शोधला, त्यावर ई-मेलने तक्रार पाठविली आणि पाहणीसाठी कोणी येईल म्हणून वाट पाहत राहिला. पाचव्या दिवशी चांगला वापसा आला. शेजारी दुबार पेरणीला लागले, त्यानेही रान मोडले. पुढील आठवड्यात फोन उघडून पाहतो तर तक्रार पाठविल्यावर दोनच मिनिटांनी ‘मेलर डीमन’ अशा नावाने इंग्रजीत काहीतरी आलेले होते. जाहिरात समजून त्याने ते उघडलेच नव्हते. तक्रार कोणालाही पोहोचली नव्हती आणि आता पाहणी करण्यासाठी शेतात ते पीकही उरले नव्हते.

शेतीच्या मासिकात ई-मेलचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु माती परीक्षणाचा अहवाल, बँकेचे पत्र, व्यापाऱ्याची मागणी, शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेची सूचना, या सर्व गोष्टी आता ई-मेलने येतात-जातात. पेरणी यंत्राची एक नळी चोंदली तर ओळ रिकामी जाते आणि ते उगवणीनंतरच कळते. ई-मेलमध्ये मात्र नळी चोंदल्याचा निरोप बहुधा लगेच मिळतो. तो वाचता आला पाहिजे, एवढेच.

मेल कसा जातो आणि कोठे अडतो

ई-मेलच्या पत्त्यात मध्ये ‘ॲट’चे चिन्ह असते. त्याच्या पुढचा भाग म्हणजे गाव आणि मागचा भाग म्हणजे त्या गावातील घर, असे समजावे. आपण मेल पाठविला की तो प्रथम आपल्या सेवेच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. तो सर्व्हर इंटरनेटवरील नोंदवहीत ‘गाव’ शोधतो आणि त्या गावचे टपाल कोणता सर्व्हर घेतो ते पाहतो. मग त्या सर्व्हरशी संपर्क साधून विचारतो, ‘या नावाची पेटी तुमच्याकडे आहे काय?’ पलीकडून आकड्यात उत्तर येते. हे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने लिहून काढले. त्यात पुढे सुधारणा झाल्या, तरी पाया तोच आहे.

उत्तराचा पहिला अंक २ असेल तर पलीकडच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. ४ असेल तर आत्ता अडचण आहे, नंतर या. ५ असेल तर घेणार नाही, पुन्हा येऊ नका. पाच मिळाला की आपला सर्व्हर आपल्याला कळवितो. यालाच मेल ‘बाउन्स’ झाला असे म्हणतात. कळविणाऱ्याचे नाव ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’ किंवा ‘मेलर डीमन’ असे असते. डीमन या शब्दाने दचकू नये. पडद्यामागे गुपचूप काम करणाऱ्या संगणक-कार्यक्रमाला अमेरिकेतील एमआयटी संस्थेतील मंडळींनी १९६३ च्या सुमारास दिलेले ते नाव आहे. त्यात भूतबाधा काही नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सोयगाव तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगराकडेला असलेल्या गावांत रेंज जाते-येते, म्हणून मेल परत आला असे पुष्कळदा म्हटले जाते. ते बरोबर नाही. रेंज नसेल तर मेल आपल्याच फोनमधील ‘आऊटबॉक्स’मध्ये पडून राहतो, परत येत नाही. परत आला याचा अर्थ तो आपल्या फोनमधून नक्की बाहेर पडला होता. म्हणून पाठविल्यानंतर प्रथम आऊटबॉक्स रिकामा झाला काय ते पाहावे आणि तासाभराने इनबॉक्स पुन्हा उघडावा.

परतीच्या निरोपातील आकडे

परत आलेल्या टपालावर पोस्टमन शेरा मारतो : पत्ता अपुरा, सोडून गेले, घेण्यास नकार. परत आलेल्या ई-मेलवरही असाच शेरा असतो, फक्त तो इंग्रजी मजकुरात लपलेला असतो. टिंबांनी जोडलेले तीन आकडे शोधावेत. ५.१.१ म्हणजे त्या नावाची पेटीच नाही. ५.१.२ म्हणजे ‘गाव’ चुकले. मधला आकडा २ असून शेवटी २ असेल, म्हणजे ४.२.२ किंवा ५.२.२, तर घेणाऱ्याची पेटी भरलेली आहे. ५.३.४ म्हणजे मेल फार जड झाला. ५.७ ने सुरू होणारा आकडा म्हणजे घेण्यास नकार.

वरील उदाहरणातील शेतकऱ्याच्या निरोपात ५.१.१ असणार. जुन्या पत्त्याचा हा नेहमीचा शेरा आहे. दोन मिनिटांत परत आलेला मेल बहुधा पाच अंकाचा असतो. तो पुन्हा पुन्हा पाठवून उपयोग नाही, पत्ताच शोधला पाहिजे.

चार अंकाचा प्रकार वेगळा. येथे आपला सर्व्हर स्वतःच थांबून थांबून प्रयत्न करीत राहतो. मानकात साधारण ४ ते ५ दिवस प्रयत्न करावा असे सांगितले आहे, काही सेवा त्याआधीही थांबतात. मध्यंतरी ‘अद्याप पोहोचला नाही, प्रयत्न चालू आहेत’ अशा अर्थाची सूचना येते. ती आली म्हणून घाबरून तोच मेल दहा वेळा पाठवू नये. मात्र काम मुदतीचे असेल तर चार दिवस गप्प बसणेही परवडणारे नाही. त्याच दिवशी फोन करावा किंवा समक्ष जावे.

पत्त्यातील चुका

परत येणाऱ्या मेलांत सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त टाळता येण्याजोगे कारण हेच. जीमेलमधील ए आणि आय ही अक्षरे उलटी पडतात, टिंबाऐवजी स्वल्पविराम पडतो, फोनचा कीबोर्ड शब्दानंतर आपणहून मोकळी जागा सोडतो. इंग्रजी लहान एल आणि एक हा आकडा, तसेच ओ आणि शून्य, फलकावर सारखेच दिसतात. दोन शब्दांमधील खालची आडवी रेघ, म्हणजे अंडरस्कोर, छापील पत्त्याखाली रेघ मारलेली असेल तर दिसतच नाही आणि वाचणारा तेथे मोकळी जागा समजतो. पत्ता विचारताना ‘मध्ये टिंब आहे की खालची रेघ?’ हे मुद्दाम विचारून घ्यावे. जीमेलच्या नावामधील टिंब चुकले तरी चालते, परंतु ही सवलत इतर सेवांत असेलच असे नाही.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. नावापुढे आकडा असेल, तर तो देवनागरी न पडता इंग्रजी आकडाच पडला पाहिजे. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात, सर्व्हरला ती दोन वेगळी अक्षरे आहेत. काही ॲप लगेच चूक दाखवितात, काही मेल पाठवून देतात आणि मग तो परत येतो. संपूर्ण पत्ता देवनागरीत असणे आता शक्य आहे. त्यासाठीचे मानक २०१२ मध्ये आले आणि ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये सुरू झाले. पण पाठविणारा आणि घेणारा, दोन्हीकडच्या सर्व्हरला देवनागरी पत्ता समजला तरच मेल पोहोचतो. म्हणून असा पत्ता घेतलाच तर सोबत रोमन लिपीतील एक पत्ताही ठेवावा.

जुने पत्ते हा आपल्या भागातील विशेष प्रश्न आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हाच्या पत्त्यांत व्ही-एस-एन-एल ही अक्षरे असत आणि ते पत्ते अनेक पुस्तिकांत छापले गेले. त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये टाटा कम्युनिकेशन्स झाले. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले आणि २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले. आजच्या संकेतस्थळाच्या नावात व्ही-एन-एम-के-व्ही अशी अक्षरे आहेत. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलले की पत्त्यातील अक्षरेही कधी ना कधी बदलतात. जुने अंक जपून ठेवणारे आपले वाचक पुष्कळ आहेत. त्यातील पीकसल्ला तपासून जरूर वापरावा, पण ई-मेलचा पत्ता मात्र आजच्या संकेतस्थळावरून किंवा कार्यालयातूनच घ्यावा.

पेटी भरणे

‘मला कोणाचेच मेल येत नाहीत’ अशी तक्रार असेल तर आपली स्वतःची पेटी पाहावी. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती एकट्या मेलची नसते. फोनमधून आपोआप चढणारे फोटो त्याच जागेत बसतात आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा साठाही त्यातच धरला जातो. लग्नाचे व्हिडिओ आणि रोजचे सुप्रभात संदेश यांनी कोठार भरले की बँकेचा मेल बाहेरून परत जातो. त्याचा निरोप बँकेला मिळतो, आपल्याला नाही. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपच्या साठ्यातून व्हिडिओ वगळावेत आणि मोठे जुने व्हिडिओ पुसावेत. तसेच दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते. मुलाने शहरातून काढून दिलेले आणि नंतर विसरलेले खाते बँकेत नोंदविलेले असेल, तर ते आजच उघडून पाहावे.

फोटो किती जोडावेत

आजच्या फोनमधील एक फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. शिवाय मेलमधून जाताना फाईलचे रूपांतर अक्षरांत होते आणि तीन भागांचे चार भाग होतात. म्हणजे १८ एमबीचे फोटो वाटेत २४ एमबीचे होतात. घेणाऱ्या कार्यालयाची मर्यादा याहूनही कमी असू शकते. मर्यादा ओलांडली तर जीमेल फोटोंऐवजी दुवा पाठविते आणि उघडण्याची परवानगी दिलेली नसेल, तर साहेबांना कुलूपच दिसते. म्हणून निवडक चार-पाच फोटो आकार कमी करून जोडावेत : संपूर्ण शेत, रिकाम्या ओळी, लेबल आणि बिल. लेबलवरील लॉट क्रमांक वाचता आला पाहिजे. जास्त फोटो असतील तर दोन मेल करावेत आणि विषयात ‘१ पैकी २’ असे न लिहिता ‘२ पैकी १’, ‘२ पैकी २’ असे स्पष्ट लिहावे.

घेण्यास नकार

हा भाग विशेषतः शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी वाचावा. कंपनीच्या स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले असेल, तर आमच्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो याची यादी (एसपीएफ) आणि मेलवरील शिक्का (डीकेआयएम) या दोन नोंदी संगणक पाहणाऱ्याकडून करून घ्याव्यात. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत नियम कडक केले. नोंदी नसल्या तर जीमेलकडून ५.७.२६ असा शेरा येऊ शकतो. डोमेनचे भाडे मुदतीत भरण्यास विसरू नये. ते थकले तर खरेदीदारांचे सर्वच मेल परत जातात आणि खरेदीदार समजतो, कंपनी बंद पडली.

आपण न पाठविलेला मेल परत आला तर कोणीतरी आपल्या नावाचा गैरवापर केला असण्याची शक्यता असते. पासवर्ड बदलावा. ‘तुमचा मेल अडकला आहे, येथे पासवर्ड टाका’ असे सांगणारा निरोप तर खोटाच समजावा. खरा डीमन पासवर्ड मागत नाही.

न परतलेला मेल पोहोचला काय?

नाही, तसे गृहीत धरू नये. सर्व्हरने स्वीकारलेला मेल ‘स्पॅम’ या कप्प्यात जाऊन पडू शकतो आणि त्याचा निरोप कोणालाच मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये पाठविणे आणि मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. मेल आपल्या ताब्याबाहेरच्या संगणकात गेला की पाठविला, घेणाऱ्याच्या संगणकात शिरला की मिळाला. परत आलेला मेल पहिल्या पायरीवरच थांबलेला असतो. तरीही तो पुसू नये. त्यावर तारीख, वेळ आणि कारण असते. त्याची छापील प्रत काढून ठेवावी.

बियाण्याच्या तक्रारीबाबत म्हणूनच आमचे स्पष्ट मत असे, की ई-मेल जरूर करावा पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज, बिलाची व लेबलची छायाप्रत घेऊन सोयगावच्या तालुका कृषी कार्यालयात जावे आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच व आवक क्रमांक घ्यावा. ई-मेल परत आला असल्यास त्याची प्रत अर्जास जोडावी. तक्रार निवारण समितीची पाहणी होईपर्यंत शिल्लक बियाणे पिशवीसह ठेवावे आणि दुबार पेरणीची घाई असली तरी तोपर्यंत रान मोडू नये.