दलदलीतील राजकन्या

युरोपच्या उत्तर टोकाला लॅपलँड हा थंड प्रदेश आहे. तेथे विस्तीर्ण दलदली पसरलेल्या आहेत. १७३२ च्या उन्हाळ्यात कार्ल लिनिअस हा पंचवीस वर्षांचा स्वीडिश अभ्यासक तेथील वनस्पतींच्या शोधात हिंडत होता. दलदलीतील शेवाळाच्या उंचवट्यांवर त्याला एक चिमुकले झुडूप फुललेले दिसले.

ते जेमतेम वीतभर उंच होते. पाने अरुंद आणि कडांशी आत वळलेली होती. कळ्या लालभडक होत्या. उमललेली फुले मात्र फिकट गुलाबी असून लहानशा घटांप्रमाणे खाली लवलेली होती. मुळांशी पाणी साचले होते.

ते पाहून लिनिअसला एक ग्रीक कथा आठवली. राणी कॅसिओपियाने आपल्या रूपाचा गर्व केला, म्हणून समुद्रदेव कोपला. त्याच्या शांतीसाठी तिची निरपराध कन्या ॲन्ड्रोमेडा हिला समुद्रातील खडकाला बांधून राक्षसी जलचरापुढे ठेवण्यात आले. पर्सियस या वीराने तिला सोडवले. आकाशातही ॲन्ड्रोमेडा नावाचा तारकासमूह आहे. मराठीत त्याला देवयानी म्हणतात आणि पर्सियसला ययाती. महाभारतातील ययातीनेही विहिरीत पडलेल्या देवयानीला हात देऊन वर काढले होते.

लिनिअसने आपल्या वहीत झुडूप आणि राजकन्या यांचे चित्र शेजारी-शेजारी रेखाटले. खडक म्हणजे शेवाळाचा उंचवटा, समुद्र म्हणजे दलदल, जलचर म्हणजे भोवतीचे बेडूक आणि लवलेले फूल म्हणजे लज्जेने खाली झुकलेले मुख! उन्हाळा हा जणू पर्सियस. तो आला की पाणी ओसरते आणि फुलाचे फळ होताच खाली झुकलेली मान ताठ होते. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने या झुडपाचे ‘ॲन्ड्रोमेडा पोलिफोलिया’ हे दोन शब्दी नाव नोंदवले. पोलिफोलिया म्हणजे पोलियम या वनस्पतीसारखी पाने असलेली. अशा रीतीने एका शब्दात कथा आली आणि दुसऱ्यात पानांची खूण.

मात्र एका बाबतीत ही तुलना अपुरी पडते. राजकन्येला पाण्यापासून भय होते. या झुडपाचे पाणी हेच जीवन आहे. शेतीसाठी आणि इंधनासाठी माणसाने जेथे जेथे दलदली कोरड्या केल्या, तेथून हे झुडूपही नाहीसे झाले. या राजकन्येला वाचवायचे असेल, तर तिचा समुद्रच राखला पाहिजे.